जिप्सीचे वायरिंग आणि आमच्या दोन चिठ्ठ्या

वाचकहो, मास्तर माणसाने गाडीच्या इंजिनावर लिहावे हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. आम्हालाही वाटते. शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. बॉनेट उघडल्यावर आत काय असते, हे गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हाला धड सांगता आले नसते. पण त्या पावसाळ्यात आमच्या अंगणात एक जुनी जिप्सी सव्वा महिना उभी राहिली. तिने आम्हाला थोडे तारांविषयी शिकवले आणि थोडे आमच्या स्वतःविषयी.

आमची आपा मोहर्लीकडच्या एका गावात दिलेली आहे. दुल्हेभाई ताडोब्यात पर्यटकांना जिप्सीतून फिरवतात. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. १९९५ मध्ये अंधारीचे अभयारण्य जोडून त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. आपल्या जिल्ह्याची ओळख कोळशाची खाण, वीज केंद्र आणि बल्लारपूरची पेपर मिल अशी सांगतात. पण मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांजवळच्या कित्येक घरांची चूल वाघावर आणि त्या उघड्या गाड्यांवर चालते.

जिप्सी मारुतीने १९८५ मध्ये आणली. हलकी, आखूड आणि चारही चाकांना जोर देता येणारी ही गाडी फौजेने घेतली, तशीच शर्यतीच्या शौकिनांनीही घेतली. हिमालयातल्या रॅलींमध्ये ती वर्षानुवर्षे धावली. दोन सीटांची चकचकीत स्पोर्ट्स कार आपल्याकडे चित्रातच दिसते. आपल्या देशातल्या साध्या माणसाच्या हाती लागलेली शर्यतीची गाडी म्हणायची तर ती जिप्सीच. २००० च्या सुमारास तिच्यात कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंजिन आले, म्हणजे पेट्रोल किती सोडायचे हे एक छोटा कंप्युटर ठरवू लागला. २०१९ च्या सुमारास ती बाजारासाठी बनायची थांबली. त्यामुळे आज जंगलात दिसणारी प्रत्येक जिप्सी वयस्कच आहे.

दुल्हेभाईंची जिप्सी २०११ ची, दुसऱ्याकडून घेतलेली, हप्ते अजून चालू. गेल्या एप्रिलमध्ये सकाळच्या फेरीत ती कोअरमधल्या एका वळणावर अचानक बंद पडली. गाडीत सहा पर्यटक होते, त्यांत दोन लहान मुले. जंगलात खाली उतरायची मनाई, ऊन चढत चाललेले, मुले रडायला लागलेली. पाऊण तासाने दुसरी गाडी आली आणि दोर बांधून तिने यांना गेटपर्यंत ओढत आणले. गंमत अशी की गाडी थंड झाल्यावर एका सेल्फमध्ये सुरू झाली.

मग उपचार सुरू झाले. एकाने पेट्रोल पंप बदलला, दुसऱ्याने प्लग, तिसऱ्याने एक सेन्सर. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे जात आणि पुन्हा तेच. जूनअखेर ती चार वेळा बंद पडली होती. १ जुलैला कोअर बंद झाला. पावसाळ्यात बफरमधल्या फेऱ्या चालू असतात, पण भरवसा नसलेल्या गाडीत लोकांची मुले बसवायची कशी?

त्याच सुमारास बाहेरगावचा एक गिऱ्हाईक आला. गाडी त्या दिवशी छान चालत होती आणि भावही बरा मिळत होता. दुल्हेभाईंचे मन डळमळले. आपा एवढेच म्हणाली, "विकायची तर ऐब सांगून विका." ऐब सांगितला तसा गिऱ्हाईक निम्म्यावर आला. निम्म्या पैशात हप्तेही फिटत नव्हते. तेव्हा दुरुस्तीशिवाय रस्ता उरला नाही.

आता आमच्या भाच्याविषयी. वय एकोणीस. दहावीत गणित आणि इंग्रजी या विषयांत दोनदा नापास. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा सगळ्यांसमोर आम्हीच त्याला म्हणालो होतो, "तुझ्याकडून डोक्याचे काम होणार नाही." तेव्हापासून तो शहरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन उस्तादांकडे काम शिकतो आणि आमच्याकडेच राहतो. त्याने जिप्सी अंगणात लावली, मल्टीमीटर काढला आणि म्हणाला, "मामू, पंपाचा दोष नाही. वायरिंग गेलंय."

त्याने आम्हाला दाखवले ते असे. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि आम्हाला सेल्फ मारायला सांगितले. ही दोन्ही ठिकाणे एकच असल्यासारखी असायला हवीत. फरक पाव व्होल्टपर्यंत चालतो. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला की अर्थ खराब समजायचा. आमच्या मीटरवर १.३ आले. तो म्हणाला, "सेन्सर पाच व्होल्टवर बोलतात. वाटेतच व्होल्ट सांडले तर कंप्युटरला खोटा निरोप जातो. तो बिचारा खोट्या निरोपावर खरं काम करतो."

आमच्या मनात आले, शाळेतही असेच होते की. पण ते असो.

इंजिनावरून जाणाऱ्या सगळ्या तारांच्या जुडग्याला हार्नेस म्हणतात. मिस्त्री लोक नुसते वायरिंग म्हणतात. शरीरात नसा असतात तसे हे जाळे. तारेचे प्लॅस्टिक आवरण मऊ राहते ते त्यात मिसळलेल्या एका द्रव्यामुळे. इंजिनाच्या उष्णतेने ते द्रव्य हळूहळू निघून जाते आणि आवरण ठिसूळ होते. आपल्या चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच पारा पंचेचाळिशी ओलांडतो, मग बॉनेटखाली काय होत असेल! त्यावर जंगलातली धूळ, नाल्याचे पाणी, रोजचे हादरे आणि उंदीर. भाच्याने एक तार वाकवली तर आवरण खारीसारखे चुरले. आतले तांबे हिरवट पडले होते.

सगळ्यांत वाईट होते ते जुने जोड. ठिकठिकाणी तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली. एके ठिकाणी तर घरातल्या फिटिंगची तार. घराची तार भिंतीत गप्प बसण्यासाठी असते. गाडीच्या तारेत बारीक केसांसारखे पुष्कळ तंतू असतात, म्हणून ती हादरे सोसते. फ्यूजच्या डबीत १० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज घातलेला. भाच्याने कपाळाला हात लावला. "मामू, फ्यूज तारेला वाचवायला असतो. मोठा फ्यूज घातला की आधी तार जळते, मग गाडी." त्या गाडीत रोज सहा माणसे बसत होती.

हे दुखणे फक्त जुन्या जिप्सीचे आहे असे नाही. जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझच्या १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या काही गाड्यांत, त्यांच्या दोन सीटांच्या एसएल या नामवंत स्पोर्ट्स कारमध्येसुद्धा, इंजिनावरच्या तारांचे आवरण काही वर्षांतच चुरून पडू लागले होते. इंजिन अडखळायचे, कधी महागडा कंप्युटरही जायचा. तिथेही टेप गुंडाळून भागले नाही, पूर्ण हार्नेसच बदलावा लागला. गाडी लाखाची असो की कोटीची, तारेचा न्याय सारखाच.

नवा तयार हार्नेस मिळतो का, म्हणून नागपूरपर्यंत चौकशी केली. आमच्या मॉडेलचा मिळाला नाही. भंगारातला मिळत होता, पण भाच्याने नको म्हटले; तोही तितकाच म्हातारा. उस्तादांशी सल्लामसलत करून त्याने नवा बनवायचे ठरवले. उस्तादांनी क्रिंपिंगचा पाना दिला आणि एकच ताकीद दिली, "घाई करू नकोस."

आधी बॅटरी काढली. प्रत्येक कपलर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घेतला आणि त्याला चिठ्ठी बांधली. चिठ्ठ्या लिहायचे काम आमच्याकडे आले, कारण अक्षर चांगले. एकूण ६३ चिठ्ठ्या झाल्या. मग जुने जुडगे अखंड बाहेर काढून त्याने प्लायवुडवर पसरले आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक फाट्यावर खिळे ठोकले. भूमिती शिकवायला शाळेत खिळ्यांची पाटी असते, हुबेहूब तशी. जुने उचलले आणि खिळ्यांच्या वाटेने नव्या तारा अंथरल्या. लांबी तीच, जाडी तीच, शक्य तिथे रंगही तोच. रोज संध्याकाळी दुकानातून आला की तो दोन-तीन तास त्यावर बसे. टर्मिनल दाबून बसवायचे, ओढून पाहायचे, ढिले निघाले तर कापून पुन्हा. अर्थच्या जागा घासून लख्ख केल्या. सायलेन्सरजवळून जाणाऱ्या तारांवर उष्णता सोसणारी नळी चढवली.

उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानांमागे त्याने सर्किटचा नकाशा काढला होता. त्यात "सेन्सर"चे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे होते. रेघ मात्र एकही चुकली नव्हती. कोणती तार किती जाड हवी याचा हिशेब मार्जिनमध्ये होता, आणि तो बरोबर होता. गणितात नापास झालेल्या मुलाचा तो हिशेब आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी सुरू झाली. आपा खास आली होती, तिने शेवयांची खीर केली. पण दहा मिनिटांत इंजिन तापले आणि काळा धूर येऊ लागला. पेट्रोलचा वास अंगणभर. दुल्हेभाई काही न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले. आणि आम्ही, वाचकहो, मनात म्हणालो की शेवटी नापास तो नापासच. तोंडाने बोललो नाही एवढेच.

भाच्याने खीर खाल्ली नाही. रात्री अकरा वाजता तो अंगणात दिवा लावून बसलेला दिसला. इंजिन किती तापले हे सांगणारा एक सेन्सर असतो, आत येणाऱ्या हवेचे तापमान सांगणारा दुसरा. दोन्हींचा गुण एकच: थंड असताना रोध दोन-अडीच हजार ओहम, आणि चांगले तापल्यावर तीनशेच्या आसपास. तापलेल्या इंजिनात त्याने कंप्युटरच्या टोकाला मोजले, तर इंजिनाच्या जागी मोठा आकडा आणि हवेच्या जागी लहान. म्हणजे इंजिन तापलेले असताना कंप्युटरला ते थंडच वाटत होते, आणि तो जास्तीचे पेट्रोल सोडत होता. दोन तारांची अदलाबदल झाली होती. त्याने त्या काढून जागच्या जागी लावल्या. धूर थांबला.

सकाळी आम्ही विचारले, चूक कुठे होती? "एक पिन उलटसुलट लागली होती," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. नंतर प्लायवुडवर आम्हाला चिठ्ठी क्रमांक ४१ आणि ४२ दिसल्या. एकीवर "इंजिनाचे तापमान", दुसरीवर "हवेचे तापमान". अक्षर सुंदर. दोन्ही चिठ्ठ्या उलट्या तारांना बांधलेल्या, आमच्याच हाताने. त्या संध्याकाळी शाळेच्या कामाचा फोन आला होता आणि आम्ही बोलता बोलता गाठी मारल्या होत्या. त्याला रात्रीच कळले होते. त्याने आमचे नाव घेतले नाही, आपासमोरही नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या दस्तरख्वानावर आम्ही स्वतःच ते सगळ्यांसमोर सांगितले. दहावीच्या निकालाच्या दिवशी बोललेले वाक्यही परत घेतले. आपाने डोळे पुसले. भाचा म्हणाला, "मामू, रोटी थंड होतेय."

१ ऑक्टोबरला कोअर उघडला. पहिल्या फेरीच्या वेळी आम्ही मोहर्ली गेटच्या बाहेर उभे होतो. दहाच्या सुमारास गाडी परत आली. वाघ दिसला नव्हता, पर्यटक थोडे खट्टू होते. दुल्हेभाई मात्र हसत होते. उन्हाळ्याची परीक्षा बाकी होती, तीही या एप्रिल-मेमध्ये पार पडली. गाडी एकदाही बंद पडली नाही.

वाचकहो, तुमच्या दारातही जुनी कार, ऑटो किंवा स्कूटर असेल. भाच्याला विचारून चार गोष्टी सांगतो. बॉनेट उघडून तारा पाहा. आवरण कडक झाले असेल, चिरले असेल तर टेपवर टेप चढवू नका, खराब फाटा अखंड बदलून घ्या. फ्यूज जेवढ्याचा लिहिला आहे तेवढ्याचाच घाला, त्या जागी तांब्याची तार कधीही नको. पिळलेला जोड दिसला तर तो नीट क्रिंप करून घ्या. आणि गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू असे होऊ लागले, तर पार्ट बदलत बसण्याआधी अर्थ मोजायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे.

पाचवी गोष्ट आमची. घरात कुणी निकालात मागे पडला असेल तर त्याच्याविषयी शेवटचा शब्द बोलण्याची घाई करू नका. मोजून पाहिल्याशिवाय आम्ही एक चिठ्ठी त्या पोरालाही बांधली होती.

राहिलेल्या दोन विषयांचा फॉर्म त्याने भरला आहे. दहावी सुटली की आयटीआयला जाईन म्हणतो. रविवारी आम्ही त्याला इंग्रजी शिकवतो. "सेन्सर"चे स्पेलिंग आता बरोबर येते.