लग्नाची डीव्हीडी पेनड्राइव्हवर घेताना

लग्न, मुंज, साठीशांत यांचं चित्रण डीव्हीडीवर मिळण्याचा एक काळ होता. आता नव्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला जागाच नसते, म्हणून लोक त्या डिस्क दुकानात देतात, पेनड्राइव्हवर एक आटोपशीर एमपी४ फाइल घेऊन येतात आणि डिस्क टाकून देतात. या टाकून देण्याला माझा विरोध आहे. आधी डिस्कवरचा व्हिडिओ जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवून कायमचा ठेवावा, आणि पाहण्यासाठी लहान फाइल करायची तर ती या प्रतीवरूनच करावी. तीही आकार ठरवून नव्हे, दर्जा ठरवून.

कारण डीव्हीडीवरचं चित्र मुळातच कॉम्प्रेस केलेलं असतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ते ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, एमपेग-२ प्रकारचं असतं. ते पुन्हा दाबलं की आणखी तपशील जातो, शिवाय आधीच्या दाबण्यातून आलेले चौकोनी डागही चित्राचाच भाग समजून जपले जातात. त्यात ‘सातशे एमबीत बसवा’ ही सीडीच्या जमान्यातली सवय अजून गेलेली नाही. होमापुढे स्थिर बसलेल्या जोडप्याला थोडा डेटा पुरतो. अक्षता उडतात, वरात नाचते तेव्हा कितीतरी जास्त लागतो. एकूण आकार आधीच बांधून टाकला तर सगळ्यात आधी हीच दृश्यं फुटतात. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच स्थिर दर्जाचा आकडा देता येतो. तो जितका कमी, तितकं चित्र चांगलं; एच.२६४ या कॉम्प्रेशन प्रकारासाठी डीव्हीडीला १८ ते २० ठेवावा आणि फाइल जेवढी होईल तेवढी होऊ द्यावी.

दर्जा जाण्याची दुसरी जागा फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. असं चित्रण बहुधा इंटरलेस्ड असतं: सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. संगणकावर हलत्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्या यामुळेच. आधी डीइंटरलेस करावं, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करावीत, मगच चित्राचा आकार बदलावा. क्रम उलटला तर त्या रेघा चित्रात मिसळून जातात आणि मग नीट निघत नाहीत. डीइंटरलेस करताना सेकंदाला ५० पूर्ण चित्रं ठेवली तर नाच मूळच्यासारखाच सलग दिसतो. २५ ठेवली तर हालचालीचा निम्मा तपशील जातो.

जागेचा आक्षेप आता टिकत नाही. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेहून जास्त मावतात. मोबाइलवर फरक कळत नाही, हे मात्र खरं आहे. पण तीच फाइल उद्या मोठ्या टीव्हीवर लागते, आणि तिथे काहीच लपत नाही. शिवाय २००३ चं एच.२६४, २०१३ चं एच.२६५, २०१८ चं एव्ही१ असे प्रकार बदलत राहणार. मूळ प्रत हाताशी असेल तर प्रत्येक वेळी तिच्यावरून नवी फाइल करता येते. एआय लावून ४के करून देतो, असंही दुकानदार सांगतात. गंमत म्हणून जरूर करून घ्यावं, पण सॉफ्टवेअर तिथे नसलेला तपशील अंदाजाने भरतं. गेलेल्या आजीच्या चेहऱ्याची तीच एकमेव प्रत उरावी, हे मला मान्य नाही.

हे काम लवकर करायला हवं, त्याचं कारण वेगळंच आहे. स्टुडिओने लिहून दिलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. अशा घरगुती डिस्कना सहसा कॉपीचं कुलूप नसतं. तेव्हा दुकानात गेल्यावर पहिली मागणी एवढीच करावी: ‘व्हिडिओ_टीएस’ हे अख्खं फोल्डर काहीही न बदलता हार्ड डिस्कवर कॉपी करून द्या. एमपी४ त्यानंतर.