गरवं भात शेतात उभं असताना

ऑक्टोबरचा पहिला रविवार आला की उत्तन-गोराईच्या किनाऱ्यापासून मुंबईच्या गजबजलेल्या गावठाणांपर्यंत आगेऱ्याचा, म्हणजे नव्या भाताच्या सणाचा, बँड वाजू लागतो. पुढे क्रूस, मागे धर्मगुरू, लुगडी नेसलेल्या आयाबाया, भाताच्या लोंब्यांची जुडी छातीशी धरून चालणारी मुलं. मिरवणूक चर्चच्या दारी पोचते, नव्या दाण्यांवर आशीर्वाद उच्चारला जातो आणि आपण ते वेदीपुढे ठेवतो. गोव्यात कणसांचं फेस्त ऑगस्टमध्येच येऊन जातं. ताळगावात ते २१ तारखेला असतं. ज्या गावठाणांतली शेतं कधीच इमारतींखाली गेली, तिथेही कुठून तरी लोंब्या आणवल्या जातात. ज्यांच्या हाताला चिखल लागणं थांबलं, त्यांनाही देवासमोर रिकाम्या हाताने उभं राहवत नाही, ही आपल्या समाजाची फार मोलाची ठेव आहे.

पण या सणाच्या पोटात एक गोष्ट आहे, ती शेतकऱ्याला ठाऊक असते आणि शहरात राहून आपण विसरत चाललो आहोत. आज वेदीवर आलेलं भात हळवं, म्हणजे लवकर पिकणारं आहे. उशिरा पिकणारं गरवं अजून शेतातच उभं आहे. त्याला काही आठवडे लागायचे आहेत आणि परतीच्या पावसाचा तर काहीच भरवसा नाही. एका रात्रीच्या सरीने उभं पीक आडवं होतं, पाण्यात राहिलेल्या दाण्याला मोड येतात आणि चार महिन्यांची मेहनत चिखलात जाते. म्हणजे आगेऱ्याची उपकारस्तुती ही खळं आटोपून, कणगी भरून, हिशेब जुळल्यानंतर केलेली नाही. मोठा वाटा अजून आभाळाच्या हाती असताना आपण आभार मानतो. वर्षातून एकदा हे धाडस आपण बँड लावून करतो. रोजच्या दिवसात मात्र ते आपल्याला अवघड जातं, आणि मनाला लागून राहते ती हीच गोष्ट.

आपली रोजची कृतज्ञता बहुधा पावतीसारखी असते. दुखणं बरं झालं, मुलाला नोकरी लागली, कर्ज फिटलं, की मग नवसाची मेणबत्ती. ती मेणबत्ती खोटी नाही, तिच्यातले अश्रूही खरे असतात. तरी ख्रिस्ती परंपरेने आभार नेहमी आधी ठेवले आहेत. जेवणाची प्रार्थना पहिल्या घासाच्या आधी होते. भाजी अळणी आहे की खारट, हे कळण्याच्याही आधी. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाअखेरच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिची पहिली पायरी पापांची उजळणी नव्हे, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार ही आहे. आपल्या चुका पाहायचं बळही त्या आभारातूनच येतं, हे त्या अनुभवी माणसाने ओळखलं असावं.

मिझोरामच्या घराघरांत हे आधी मानलेले आभार मुठीने मोजले जातात. तिथल्या ख्रिस्ती बायका साधारण १९१० पासून दर वेळी भात शिजवायला घेताना त्यातली एक मूठ प्रभूच्या नावाने बाजूला काढत आल्या आहेत. ‘बुहफाय थाम’ म्हणतात तिला. उरलं तर द्यायचं, असा तो हिशेब नाही. आधण ठेवतानाच मूठ वेगळी होते. अशा मुठी साठवून त्या डोंगराळ प्रदेशातल्या मंडळ्यांनी आपलं केवढं तरी धर्मकार्य चालवलं. रोज दोनदा तांदळाला हात घालणाऱ्या बाईची ही उपासना कुठल्याही प्रवचनापेक्षा कमी आहे, असं आपल्याला म्हणवणार नाही.

आणि या सगळ्याचा उगम जिथे आहे, ती रात्र आपल्या प्रत्येक मिस्सेत पुन्हा येते. धरून दिला जाण्याच्या रात्रीच प्रभूने भाकर हाती घेतली आणि पित्याचे आभार मानले. पुढे गेथशेमाने होती, न्यायसभा होती, कालवरी होती. त्याला ते माहीत होतं. ‘युखरिस्त’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी उपकारस्तुती. ज्या संस्काराभोवती आपलं सारं जीवन फिरतं, त्याचं नावच आभार आहे, आणि ते आभार क्रुसाच्या अलीकडचे आहेत. ज्या घरात यंदा खाट रिकामी झाली, ज्या घरी अहवालाची वाट पाहिली जाते आहे, तिथे कृतज्ञतेचा उपदेश करायला आपली जीभ रेटत नाही, रेटूही नये. तिथे फक्त ती रात्र आठवावी, त्या माणसांच्या शेजारी बसावं.

पण आभार शब्दांवर थांबत नाहीत. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात प्रथमफळांची टोपली वेदीपुढे ठेवणाऱ्याला आपल्या पूर्वजांचं दास्य आठवायला सांगितलं आहे, आणि त्या आनंदात परक्यालाही सामील करून घ्यायला. त्याच पुस्तकात मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, अशी आज्ञा आहे. वसई-पालघरच्या शेतांत कापणीला आदिवासी पाड्यांवरून येणारे हात आपल्या ओळखीचे आहेत. लोंबी वेदीवर पोचली आणि ती कापणाऱ्याचे पैसे ‘पुढच्या आठवड्यात बघू’वर राहिले, तर ते आभार अर्धवटच राहतात. देवाचे उपकार रोजचे, तसं हे देणंही त्या त्या दिवसाचं.

आज संध्याकाळी बँड थांबेल, नव्या तांदळाचा गोड वास घरात दरवळेल, आणि आशीर्वाद घेतलेली लोंबी कुणी घरच्या वेदीपाशी, कुणी दारावर खोवून ठेवील. उद्या सोमवार. ज्याचं शेत आहे तो सकाळी बांधावर जाऊन आधी आभाळाकडे बघेल, मग गरव्याच्या लोंबीतला एक दाणा दातांखाली धरून पाहील. दूध अजून भरतं आहे. तो तिथेच उभा राहून कपाळावर क्रुसाची खूण करील आणि पाण्याला वाट करून द्यायला वाकेल.