बंदूक कोणाच्या स्वातंत्र्याची?

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील युवाल्डी हे मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती असलेले लहान शहर. २४ मे २०२२ रोजी तेथील प्राथमिक शाळेत एका तरुणाने १९ मुलांना आणि २ शिक्षिकांना गोळ्या घालून ठार केले. ज्या रायफलीने हे हत्याकांड घडले ती चोरीची नव्हती. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अवघ्या काही दिवसांत त्याने ती रीतसर विकत घेतली होती. शाळेवर निरनिराळ्या दलांचे ३७६ अधिकारी जमले. तथापि हल्लेखोराला गाठण्यास ७७ मिनिटे लागली. दुर्जनाच्या बंदुकीला सज्जनाची बंदूक हेच उत्तर, असे अमेरिकेतील शस्त्रवादी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. त्या दिवशी युवाल्डीत बंदुकांची वानवा खचितच नव्हती.

पुढच्या महिन्यात दोन घटना घडल्या. २३ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगण्यावर न्यूयॉर्क राज्यात शंभराहून अधिक वर्षे असलेला निर्बंध घटनाबाह्य ठरविला. २५ जून रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी एका नव्या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षांखालील ग्राहकांची अधिक कसून तपासणी करण्याची तरतूद त्यात आहे. परंतु अशी रायफल घेण्याचे वय त्याने वाढविले नाही, की तिची विक्रीही थांबविली नाही. न्यायालयाने दार सताड उघडले आणि संसदेने खिडकीला कडी घातली, एवढाच त्या महिन्याचा जमाखर्च.

हे सारे अटळ आहे काय? ऑस्ट्रेलियाचा अनुभव तसे सांगत नाही. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ माणसे मारली. त्यानंतर बारा दिवसांत केंद्र व राज्य सरकारांत राष्ट्रीय करार झाला. अर्धस्वयंचलित रायफलींवर कडक बंदी आली, प्रत्येक बंदुकीची नोंद सक्तीची झाली आणि आत्मसंरक्षण हे परवान्याचे कारण मानले जाणार नाही असे ठरले. सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने भरपाई देऊन परत घेतल्या व नष्ट केल्या. त्यासाठी आरोग्यसेवेच्या करात एका वर्षापुरती वाढ करण्यात आली. हे करणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड कोणी डावे नव्हते. ते पक्के उजवे होते आणि ग्रामीण भागातील स्वतःच्याच पाठीराख्यांचा रोष पत्करून त्यांनी हे पाऊल उचलले. न्यूझीलंडमध्येही, मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांची हत्या झाल्यावर महिन्याभराच्या आत संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी असाच कायदा संमत केला.

कायदा म्हणजे जादूची कांडी नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर ज्यू समाजाच्या उत्सवावर गोळीबार होऊन १५ जण बळी पडले आणि हल्लेखोरांपैकी एकाकडे बंदुकांचा रीतसर परवाना होता हे उघड झाले. तेव्हा कायदा निरुपयोगी ठरला, असा निष्कर्ष तेथील शासनाने काढला नाही. एका परवान्यावर इतक्या बंदुका का असाव्यात, असा प्रश्न उभा राहिला आणि निर्बंध अधिक आवळण्याचे ठरले. बांधाला भगदाड पडले तर शहाणा शेतकरी ते बुजवतो, बांध मोडून टाकीत नाही.

मग अमेरिकेतच हा बांध का उभा राहत नाही? जनतेला तो नको आहे, हे त्याचे उत्तर नव्हे. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउन येथील शाळेत २० बालके व ६ मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर बंदूक विकण्यापूर्वी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासण्याची व्याप्ती वाढविणारी साधी सूचना सिनेटपुढे आली. एप्रिल २०१३ मध्ये तिच्या बाजूने ५४ व विरुद्ध ४६ मते पडली आणि बहुमत मिळूनही ती पडली. कारण ६० मतांची अट होती. ज्या सभागृहात सुमारे पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला आणि पावणेचार कोटींहून अधिक वस्तीच्या कॅलिफोर्नियाला प्रत्येकी दोनच जागा आहेत, तेथे संघटित अल्पमत बहुमताला सहज रोखू शकते.

या अल्पमतामागे बाजार उभा आहे. २००५ मध्ये अमेरिकी संसदेने बंदुकीचे कारखानदार व विक्रेते यांना, त्यांच्या मालाचा गुन्ह्यासाठी वापर झाल्यास होणाऱ्या बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिले. त्याआधी १९९६ मध्ये, सार्वजनिक आरोग्य संस्थेचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही, असे कलम अंदाजपत्रकात घुसविण्यात आले. परिणामी बंदुकीच्या बळींवरील सरकारी संशोधन वीसहून अधिक वर्षे जवळपास ठप्प झाले. नफा खाजगी राहावा, प्रेते सार्वजनिक व्हावीत आणि प्रेतांची मोजदादही होऊ नये, अशी ही व्यवस्था आहे. तिला स्वातंत्र्य हे नाव देणे हा स्वातंत्र्याचाच अपमान होय.

येथे पुरोगामी वर्तुळांतूनही एक आक्षेप घेतला जातो. शस्त्रे फक्त शासनाच्या हाती राहिली तर जुलमाविरुद्ध जनतेने काय करावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण इतिहासाने त्याचे उत्तर दिलेले आहे. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते बंदुका घेऊन ओकलंडमधील पोलिसांवर नजर ठेवू लागले आणि मे महिन्यात ते सशस्त्र कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी, भरलेली बंदूक घेऊन रस्त्यावर फिरण्यास मनाई करणारा कायदा तेथे संमत झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन! दुबळ्याच्या हाती बंदूक दिसताच कायद्याला पाय फुटतात. धनिकाच्या दुकानात ती विक्रीला असली की तोच कायदा पंगू होतो.

भारतालाही या वादाचा परिचय आहे. लॉर्ड लिटन यांच्या राजवटीतील १८७८ च्या शस्त्रकायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. त्या कायद्यावर १९१८ मध्ये गांधीजींनी केलेली कठोर टीका आज अमेरिकेतील शस्त्रवादी आपल्या समर्थनार्थ वापरतात, हा अहिंसेच्या उपासकावर मोठाच अन्याय आहे. गांधीजींचा रोष एका राष्ट्राच्या मानखंडनेवर होता. घरोघरी पिस्तुले वाटावीत हे त्यांचे मागणे नव्हते. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. त्याचाच आधार घेऊन, पुढे प्रजासमाजवादी पक्षाचे खासदार म्हणून गाजलेले ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत तशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र घेऊ लागला तर राज्यकारभार चालणेच अशक्य होईल, हा त्यांचा मुद्दा होता. बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे १ डिसेंबर १९९७ रोजी जमीनदारांच्या रणवीर सेनेने ५८ दलितांची कत्तल केली, तेव्हा त्या मुद्द्याचा अर्थ रक्ताने स्पष्ट झाला. विषम समाजात बंदूक समतेने वाटली जात नाही. ती जमिनीच्या आणि जातीच्या मागोमाग जाते.

म्हणून शस्त्रनियंत्रण ही समतावाद्यांची स्वतःची मागणी असली पाहिजे. मात्र ती सामूहिक हत्याकांडापुरती मर्यादित राहून चालणार नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतील निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. उरलेल्यांत गरीब वस्त्यांतील कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण फार मोठे आहे. त्यांच्यासाठी दूरदर्शनचे कॅमेरे येत नाहीत, ध्वज अर्ध्यावर उतरत नाहीत. विक्रीवर निर्बंध हवेत, त्याचबरोबर रोजगार, मानसोपचार आणि उत्तरदायी पोलीसही हवेत. तसेच कायद्याचा बडगा पुन्हा त्याच वस्त्यांवर पडणार नाही याची हमी हवी. नाहीतर १९६७ चीच पुनरावृत्ती होईल.

शोकाचे आयुष्य थोडे असते. दोन आठवडे मेणबत्त्या जळतात. शस्त्रांचे व्यापारी तेवढे दिवस गप्प बसतात आणि मग पूर्ववत कामाला लागतात. ते बारा महिने संघटित असतात, हेच त्यांचे सामर्थ्य. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे मार्च १९९६ मध्ये १६ बालके व त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यावर सामान्य नागरिकांनी सह्यांची मोहीम उभारली व चिकाटीने चालविली. १९९७ संपण्यापूर्वी ब्रिटनमध्ये खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. अश्रूंचे रूपांतर संघटनेत झाले तरच कायदा होतो. अमेरिकेतील पालक व विद्यार्थी आज तेच अवघड काम करीत आहेत, आणि जगभरच्या लोकशाही समाजवाद्यांची सहानुभूती त्यांच्या बाजूला असली पाहिजे.