शहाणे कोणी व्हायचे?

पहिली पाळी आली की आपल्याकडे ‘मुलगी शहाणी झाली’ म्हणतात. पण बाहुली मांडीवर असतानाच हे शहाणपण आले तर? कोरोनाच्या साथीत ही शंका अनेक घरांत आली. रोममधील एका बाल-रुग्णालयात अकाली वयात येण्याच्या संशयाने २०१९ च्या मार्च ते सप्टेंबरमध्ये ८७ मुली आल्या. २०२० च्या त्याच महिन्यांत २१५! पुण्यातील डॉक्टरांनीही अशी वाढ नोंदवली. बंद पडलेले खेळ आणि वाढलेली वजने यांकडे तज्ज्ञ बोट दाखवतात.

आठव्या वर्षाआधी स्तनांची वाढ दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. पाळी लांबवणारे उपचार आहेत. पण त्यासाठी घरात बोलणे हवे. ‘कावळा शिवला’ एवढ्यावर तिसरीतल्या पोरीने काय समजावे? शहाणे व्हायचे आहे ते आपणच.