अग्वादचें पाणी

समुद्र म्हणजे आमच्या लोहाऱ्याच्या मुलांस नकाशांतील निळा रंग. तो रंग छडीनें दाखवीत मीं उभी हयात काढली. परंतु रत्नाकराचें प्रत्यक्ष दर्शन घडलें तें सेवानिवृत्तीनंतर, गेल्या मार्गशीर्षांत चिरंजिवांनीं आम्हां सर्वांस गोव्यास नेलें तेव्हां.

सिकेरीच्या किनाऱ्यावर अग्वादचा किल्ला आहे. डचांच्या भयास्तव पोर्तुगीजांनीं तो १६१२ मध्यें पुरा केला. 'आग्वा' म्हणजे पाणी. जहाजांनीं गोडें पाणी भरून घ्यावयाची जागा ती अग्वाद. (आपल्या 'अप्' शब्दाशीं याचें नातें जोडण्याचा मोह मला झाला होता, परंतु भाषाशास्त्रज्ञ त्यास अनुकूल नाहींत, म्हणून तो आवरतों.) किल्ल्यांतील प्रचंड टाक्यांत सुमारें २३ लक्ष ७६ हजार गॅलन पाणी मावे असें सांगतात. महिनोन्महिने खारें पाणी तुडवीत आलेलीं गलबतें येथें तहान भागवीत. पुढें याच किल्ल्याच्या तुरुंगांत गोवामुक्तीचे सत्याग्रही कोंडले गेले. आणि याच्याच खालच्या तटाशीं ताज कंपनीनें १९७४ सालीं हॉटेल उघडलें. १९८३ सालीं राष्ट्रकुलाचे प्रमुख विश्रांतीसाठीं तेथें उतरले होते.

त्या हॉटेलांत एक रात्र काढावी असा चिरंजिवांचा बेत. भाडें ऐकून मीं कानांवर हात ठेवले. त्यांत भर अशी, कीं आदल्याच सायंकाळीं दुसऱ्या एका हॉटेलाच्या (नांव घेत नाहीं) रखवालदारानें आम्हांस समोरच्या वाळूवर बसूं दिलें नव्हतें. जेवतांना माझें व्याख्यान सुरू झालें. वारा, वाहतें पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा हीं सर्वांचीं आहेत, असें भूमध्य समुद्राकांठच्या रोमन लोकांनीं जस्टिनियन बादशहाच्या काळीं, सहाव्या शतकांत, लिहून ठेवलें. आपल्याकडे तर तळें खणणारानें त्याचा विधिपूर्वक उत्सर्ग करावा, म्हणजे त्यावर त्याची मालकी उरत नाहीं, असें धर्मशास्त्र सांगतें. आणि आज? दोनापावलजवळील वायंगिणी किनाऱ्याची लोकांची वाट मोकळी करण्यासाठीं 'सिदाद दि गोवा' या हॉटेलाचें वाढीव बांधकाम पाडावें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००९ च्या जानेवारींत दिला. त्याच वर्षीं गोवा सरकारनें भूसंपादनाचा कायदाच दुरुस्त करून तें बांधकाम वांचविलें! शेवटीं मीं लातुरावर आलों. "आपल्या शेजारच्या गांवास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, आणि तुम्हांला डुंबण्याच्या हौदासाठीं पैसे मोजावयाचे आहेत!"

सूनबाई मुकाट्यानें ताटें उचलूं लागली. परगांवीं भाड्याच्या घरांत उतरलों होतों, तरी तेथेंही स्वयंपाक तिच्याचकडे होता. बाहेरचें मला सोसत नाहीं, हें त्याचें कारण.

इतका वेळ स्वस्थ बसलेलें कुटुंब म्हणालें, "लातूरचें पाणी तुम्हांला इथून दिसलें. ही लग्न होऊन आली त्याला चौदा वर्षें झालीं. एवढ्या वर्षांत हिला कुणी आयतें वाढलेलं तुम्ही पाहिलंत का?"

मला उत्तर सुचलें नाहीं. वर्गांत असा प्रश्न आला असतां 'उद्यां सांगतों' म्हणून वेळ मारून नेतां येई.

दुसरे दिवशीं सकाळीं चिरंजिवांस बोलावून सांगितलें, "खोली घे, पण तुम्हां दोघांपुरतीच. मुलें आमच्यापाशीं राहतील." त्या दिवशीं पिठलें कुटुंबानें केलें व भात मीं लावला. तो खालीं लागला, हें नातवानें सर्वांस सांगून टाकलेंच आहे.

सूनबाई परत आली ती, सकाळचा चहा कोणींतरी खोलीपर्यंत आणून दिला, एवढेंच चार वेळां सांगत होती. समुद्राविषयीं ती एक अक्षरही बोलली नाहीं.