'दूरस्थ पालकत्व' नावाची सोय

2020 च्या टाळेबंदीनंतर 'डिजिटल पालकत्व', 'दूरस्थ पालकत्व' असे शब्द पुरवण्यांतून आणि पालकसभांतून वारंवार कानी पडू लागले. आईबाप कामावर, मूल घरी, आणि मध्ये मोबाइलचा पडदा, अशा व्यवस्थेला दिलेले हे भारदस्त नाव. शब्द पारखून घेणे हे साहित्याच्या अभ्यासकांचे काम, म्हणून हा शब्द आम्ही तपासायला घेतला आहे. आमचा आक्षेप 'दूरस्थ' या विशेषणावर आहे. पालक जणू आपल्या मर्जीने दूर राहतात आणि आता त्यांना एक साधन लाभले आहे, असे तो शब्द सुचवतो. हे अंतर कोणी निर्माण केले, हा प्रश्न त्यात बेमालूम गाडला जातो.

उदाहरणादाखल सफाळे घ्या. विरार सोडून वैतरणेची खाडी ओलांडली की पश्चिम रेल्वेवर हे स्थानक लागते. परवडणारे घर इथे आणि पगार देणारे काम मुंबईत, या विषम वाटणीवर इथल्या असंख्य कुटुंबांचा दिवस उभा आहे. कचेरीत जाणारे आहेत, कारखान्यात जाणारे आहेत, भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेची गाडी गाठणाऱ्या बायका आहेत. मूल जागे होण्याआधी निघायचे आणि त्याचा अभ्यास आटोपल्यावर परतायचे. उपनगरी लोकल डहाणूपर्यंत पोहोचली ती एप्रिल 2013 मध्ये. विरार-डहाणू चौपदरीकरणाला मंजुरी मिळाली 2016 साली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात जिओची स्वस्त इंटरनेट सेवा सुरू झाली. इंटरनेट काही महिन्यांत घरोघरी पोहोचले. रुळांचे काम 2025 मध्येही चालूच होते. आईला लवकर घरी आणणारी गाडी रखडली, आईचे चित्र घरी आणणारी लहर मात्र वेळेवर आली. 'दूरस्थ पालकत्व' या शब्दाचा खरा जन्म या दोन गतींमधल्या तफावतीत आहे.

यावर कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा फोन बरा. बरा आहेच. गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने 'जेवलास का?' विचारणाऱ्या आईला नावे ठेवण्याचे पाप आमच्या हातून घडणार नाही. आमचे भांडण तिच्याशी नसून, तिच्या या धडपडीला आदर्श ठरवून टाळ्या पिटणाऱ्यांशी आहे. नाइलाजाचा गौरव झाला की इलाजाची मागणी मुकाट्याने मागे पडते.

साहित्यातून एक प्रतिवाद येईल तोही विचारात घेऊ. पालक दूर आणि मूल दूर, ही स्थिती काही मोबाइलने जन्माला घातलेली नाही. 1928 च्या उन्हाळ्यात नेहरूंनी अलाहाबादहून मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला पत्रे लिहिली, ती पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने आली. साने गुरुजींची पुतणी सुधा हिला लिहिलेली 'सुंदर पत्रे' मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. मग पत्राने जे साधले ते व्हिडिओ कॉलने का साधू नये?

उत्तर माध्यमाच्या स्वभावात आहे. पत्र लिहायला फुरसत लागते. लिहिणारा जग सांगतो. वाचणारे मूल ते चार वेळा वाचते, जपते, वाटल्यास उत्तर देते. लोकलमधल्या तीन मिनिटांच्या कॉलमध्ये जग सांगायला सवड कुठली? तिथे चौकशी उरते: गृहपाठ झाला का, दार लावले का, टीव्ही बंद केला का. त्यात घरी कॅमेरा बसवला की संवादाची जागा पहाऱ्याने घेतलीच म्हणून समजा. पत्राला उत्तर न देण्याची मुभा मुलाला होती, कॅमेऱ्यापुढे तेवढीही नाही.

इथे हटकून 'श्यामची आई' पुढे केली जाते. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेल्या त्या पुस्तकातली आई मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून दगडावर पदर पसरते. तिचे सारे संस्कार असे देहाच्या सान्निध्यातून होतात. ते वाचून आजच्या नोकरदार आईला अपराधी ठरवणे फार सोपे. आमच्या व्याख्यात्यांनी तो धंदाच मांडला आहे. पण दिवसाचे चौदा तास घराबाहेर काढणाऱ्या बाईकडे पसरायला पदर असला तरी त्या घटकेला ती तिथे नसते. मराठीने आईची स्तोत्रे उदंड रचली. तिला वेळ कोण देणार, यावर मात्र फारसे लिहिले नाही.

ते ज्यांनी लिहिले आणि केलेही, त्या याच जिल्ह्यातल्या. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. अंतर तोडायचे तर ते मोठ्यांनी पायी तोडायचे, हे त्यामागचे तत्त्व. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच रुजला. आज त्या शब्दाचे काय झाले पाहा. 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांवर 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांना सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत करण्याचे आंदोलन करावे लागले. मुलाजवळ बसायला नेमलेल्या बाईलाही आपण पडद्याकडे तोंड करून बसवले.

मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेस पाळणाघर बंधनकारक केले. हेतू चांगला, पण कामाच्या जागेजवळचे पाळणाघर सफाळ्याच्या बाईच्या काय कामाचे? तान्हे मूल घेऊन सकाळच्या लोकलमध्ये तिने शिरायचे कसे? भाजीवालीला तर आस्थापनाच नाही. पाळणाघर हवे ते घराच्या टोकाला, स्थानकाच्या वाटेवर, पहिल्या गाडीआधी उघडणारे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे. आणि तिथे पगारी, प्रशिक्षित माणूस हवे. यात तंत्रज्ञानाची अडचण काहीच नाही, आहे ती खर्चाची आणि इच्छेची.

मराठीत मूल 'सांभाळतात', 'वाढवतात', 'जोजवतात'. ही सारी क्रियापदे हात मागतात. 'पालकत्व' हे भाववाचक नाम आहे, त्याला हातांवाचून चालते. म्हणूनच ते दूर अंतरावरून करता येते असे वाटू शकते. विद्यार्थ्यांपुढे हा शब्द येईल तेव्हा शिक्षकांनी त्यांना एवढेच विचारायला लावावे, की या वाक्याचा कर्ता कोण: दूर गेलेली आई, की तिला दूर ठेवून स्वस्त फोन हाती देणारी व्यवस्था?