कट-ऑफ सांगता, मग पगार का लपवता?

निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीत एकच प्रश्न: कॉलेज कुठलं मिळालं? शाखा कोणती, हे नंतर. जिथे प्रवेश अवघड ते कॉलेज मोठे, हा समज आम्हीच जोपासला. यंदाच्या गुणगौरव समारंभातही मुलांची ओळख आम्ही कॉलेजच्या नावानेच करून दिली! पण कट-ऑफ उंच म्हणजे पोरे आधीच हुशार. कॉलेजने त्यात काय भर घातली?

आणि ही कॉलेजे चौकाचौकांत फलक लावतात: एका पोराचा फोटो, खाली 'सर्वोच्च पॅकेज'. बाकीच्यांचे काय? शंभर जण पगाराप्रमाणे रांगेत उभे केले, तर मधल्याच्या हाती किती पडते ते सांगा. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी हा मधला आकडा द्यावा लागतो. पण तो फक्त नोकरी लागलेल्यांचा, त्यातही संगणक आणि स्थापत्य एकाच गोणीत! अमेरिकेत २०१९ पासून सरकारच 'कॉलेज स्कोअरकार्ड'वर विषयवार कमाई जाहीर करते. इथे कुणाला लाज वाटते?

सीमाभागात शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशाचा हक्क आहे. त्या हक्कापायी आमचा शेतकरी जमीन गहाण टाकतो. म्हणून महाराष्ट्र शासनाकडे आमची मागणी आहे: शाखेत किती शिरले, किती पास झाले, किती कामाला लागले आणि मधला पगार किती, हा शाखानिहाय तक्ता पहिल्या प्रवेशफेरीआधी प्रत्येक कॉलेजकडून जाहीर करून घ्या. जे देणार नाही, त्याचे नाव प्रवेशाच्या यादीतून काढा.